मावशीचा आवाज तीन घरांत

मावशीच्या गळ्यातली गाठ काढायचं ठरलं तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनी समोर कागद ठेवून सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "आवाजाची नस गाठीला अगदी लागून आहे. जपूनच करू, पण आवाज बदलू शकतो. बसूही शकतो." मावशीनं सही केली, पेन परत दिलं आणि विचारलं, "कधी करायचं?" अकरा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

रिक्षात बसल्यावर मी तिला म्हणाले, "आता बिलोलीला परत जाऊ नकोस. माझ्याकडंच राहा. अकरा दिवसांत तुझी सगळी गाणी घेऊ."

"समदी?"

"सगळी."

"लई हायेत," ती म्हणाली आणि बोटांवर मोजायला लागली. घर येईपर्यंत सव्वीस झाली.

मावशी बिलोली तालुक्यात तीस वर्षं नर्सबाई होती. लसीकरणाला गावोगाव फिरायची. जिथं जाईल तिथं लग्नाची हळद असली, बारसं असलं, की बायका तिला बसवून घ्यायच्या. तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळं तिकडची गाणी अर्धी मराठी, अर्धी तेलुगू. एका गाण्यात नवरीला हाक होती, 'रावे रावे पोरी, हळद सुकून चालली.' रावे म्हणजे ये गं. अशी गाणी मावशीनं कुठं लिहून ठेवली नव्हती. तिच्या नोंदवहीत फक्त लसी आणि बाळंतपणं असायची. गाणी सगळी डोक्यात.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर रक्ताच्या नळ्या. गाण्याची आवड लहानपणापासूनची, म्हणून चार-पाच वर्षांपूर्वी घरातल्या अडगळीच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावून, एक माईक, एक लहान मशीन आणि जुना लॅपटॉप असं रेकॉर्डिंगचं सामान मांडलं होतं. तोवर त्यात मी माझीच भजनं करायचे आणि बहिणींना पाठवायचे. मावशीची गाणी हे पहिलं खरं काम.

ते अकरा दिवस आम्ही दोघी झपाटल्यासारख्या राबलो. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी पंखा बंद करून बसायचो, घाम निथळायचा. मावशी मांडी घालून, डोळे मिटून गायची आणि मधेच थांबायची. "थांब. चुकलं. पुन्ना घे." एकेका गाण्याचे पाच-पाच, सहा-सहा प्रयत्न झाले. कधी कुकरची शिट्टी यायची, कधी खाली भाजीवाला ओरडायचा. मावशी डोळे न उघडता म्हणायची, "त्याला काय सांगावं आता, माझं ऑपरेशन हाय म्हून?" आणि आम्ही हसत बसायचो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सव्विसावं गाणं झालं. तिनं माईकवर हात ठेवला, म्हणाली, "झालं बाई. आता कापू दे."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. गाठ साधी निघाली. आवाज मात्र गेला. महिन्याभरानं परत आला तेव्हा खरखरीत, जाडा, मधेच तुटणारा होता. बोलणं समजायचं, पण सूर लावला की हवाच बाहेर पडायची. डॉक्टर म्हणाले, सुधारेल थोडा, पण पहिल्यासारखा होणार नाही. मावशी बिलोलीला गेली. मला त्या सगळ्यात एकच समाधान होतं, की आवाज माझ्याकडं आहे.

त्या गाण्यांना पेटीची साथ हवी होती. नांदेडच्या जुन्या वस्तीत एक चाचा आहेत, हार्मोनियम दुरुस्त करणारे. त्यांच्या घरात तीन पिढ्या हेच काम. मी कॉलेजात असल्यापासून माझी पेटी त्यांच्याकडंच जाते. मी त्यांना मावशीची गाणी ऐकवली तेव्हा चष्मा काढून ठेवला त्यांनी. "बेटा, यात पेटी कमीच वाजवायची. बाई गातेय, आपण फक्त मागं मागं चालायचं." मी माझं सामान घेऊन एसटीनं नांदेडला जायचे, ते कानाला हेडफोन लावून मावशीच्या मागं मागं वाजवायचे. चार-पाच खेपांत नऊ गाणी झाली, टाळ्यांचा ठेका मीच नंतर घरी धरला. सरावासाठी मी त्यांच्या फोनमध्ये त्या नऊ गाण्यांच्या कच्च्या प्रती टाकून दिल्या होत्या.

आता माझी चूक सांगते. मी निष्काळजी नव्हते. दर रविवारी मी सगळ्या गाण्यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायचे. प्रत्येक गाण्याच्या नावाची एक फाईल होती, ती उचलायची आणि पेनड्राइव्हवर टाकायची. सव्वीस गाणी पापणी लवते न लवते तोच कॉपी व्हायची. मला त्याचं कौतुकच वाटायचं. इतकं सगळं आणि इतक्या झटक्यात! लॅबमधल्या मैत्रिणीला मी अभिमानानं सांगितलंसुद्धा होतं, की मशीनचा काय भरवसा, आपली प्रत आपल्याकडं असलेली बरी.

ऑपरेशनला सहा-सात महिने झाले असतील. एका सकाळी लॅपटॉप सुरू केला तर आतून टकटक टकटक आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं कान लावून ऐकलं आणि लगेच बंद केला. "ताई, हार्ड डिस्क गेली. पुन्हा चालू करू नका. जितक्या वेळा चालू कराल तितकं आतलं खराब होईल."

"हरकत नाही," मी म्हणाले. "माझ्याकडं प्रत आहे."

घरी नवऱ्याच्या लॅपटॉपवर तेच रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घातलं, पेनड्राइव्ह लावला आणि पहिलं गाणं उघडलं. पडद्यावर प्रत्येक आवाजाची एक आडवी पट्टी असते, त्या पट्ट्या दिसल्या. पट्ट्यांची नावं दिसली, 'मावशी', 'पेटी', 'टाळ्या'. पण पट्ट्या रिकाम्या. वर एक यादी आली: अमुक फाईल सापडत नाही, तमुक फाईल सापडत नाही. दुसरं गाणं उघडलं. तसंच. सव्वीसच्या सव्वीस उघडून बघितली.

तेव्हा मला कळलं, की मी जी फाईल जपत होते ती गाण्याची नव्हतीच. ती फक्त मांडणीची होती. कोणता आवाज कुठून सुरू होतो, कुठं कापलाय, किती मोठा ठेवलाय, एवढंच त्यात. खरा आवाज लॅपटॉपमधल्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये साठत होता आणि तो मी एकदाही उचलला नव्हता. म्हणून तर कॉपी इतकी झटपट व्हायची. आणि इतक्या महिन्यांत मी त्यातली एकही प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली नव्हती. लॅबमध्ये रोज सकाळी मशीन लावलं की आधी ज्याचं उत्तर माहीत आहे असा नमुना घालून बघतो, मगच पेशंटचा घालतो. घरी मला ते सुचलं नव्हतं.

जेवण गेलं नाही दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडं परत गेले. तो म्हणाला, हैदराबादला डिस्क उघडून आतलं काढणारे लोक आहेत, पण खात्री कुणीच देत नाही. मी म्हणाले, "पाठवा." त्यानं डिस्क फोममध्ये गुंडाळली, मी स्वतः डब्यावर पत्ता लिहिला आणि त्यानं ओळखीच्या माणसाबरोबर ती पाठवली.

या काळात मावशीचा फोन यायचा. "पोरी, गाणी कुठवर आली? ऐकव की." मी म्हणायचे, चाचांची पेटी बाकी आहे. झालं की ऐकवते. ती म्हणायची, "हाव, हाव. घाई न्हाई." तिचा तो खरखरीत आवाज ऐकला की फोन ठेवल्यावर मला काही सुधरायचं नाही.

सहा आठवड्यांनी हैदराबादहून एक नवी डिस्क आली. त्यावर साडेसहाशेच्या वर फाइली. आवाज होते, पण नावं सगळी पुसली गेली होती. नुसते आकडे. कुठली फाईल कुठल्या गाण्याची, कितवा प्रयत्न, काही कळायला मार्ग नाही. काही फाइली मधेच तुटलेल्या, काहींत नुसती खरखर, काहींत माझीच जुनी भजनं.

डिस्क हातात आली त्या दिवशी मी दोन कामं केली. आधी तिची दुसऱ्या डिस्कवर प्रत घेतली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवून दिली. काम करायचं ते प्रतीवरच. मग लॅबमधून एक जुनं रजिस्टर मागून आणलं आणि रकाने आखले: आकडा, गाणं, कितवा प्रयत्न, कुठून कुठपर्यंत चांगलं, शेरा. लॅबमध्ये नळीवर लेबल नसेल तर आम्ही ती तपासतच नाही, परत पाठवतो. इथं साडेसहाशे नळ्या बिनलेबलच्या आणि परत पाठवायला जागा नाही.

रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी एक तास. चहा ठेवायचा, हेडफोन घालायचा, दहा-बारा फाइली ऐकायच्या, रजिस्टर भरायचं. नवऱ्यानं सकाळचा डबा स्वतःकडं घेतला, पोळ्या कशाही झाल्या तरी मी बोलायचं नाही या अटीवर. रविवारी मी दुपारपर्यंत बसायचे.

गंमत अशी, की मला वाट दाखवली ती गाण्यांनी कमी आणि मधल्या बोलण्यानं जास्त. गाणं सुरू व्हायच्या आधी मावशी काहीतरी बोलायची. 'आता ते पाळण्याचं घेऊ.' 'थांब, पाणी दे.' 'हे तिसऱ्यांदा म्हणून राहिली मी, आता न्हाई चुकणार.' पहिल्यांदा गाणी साफ करताना ही बोलणी मी कात्रीनं कापून टाकली होती, अडचण वाटायची त्यांची. मूळ फाइलींत ती होती, आणि त्यांच्यामुळंच मला गाणं, प्रयत्न, दिवससुद्धा ओळखता यायला लागले. कुकरची शिट्टी ऐकू आली की कळायचं, हा रविवार, नवरा घरी होता. तिचा तो जुना स्वच्छ आवाज कानात घेऊन मी रजिस्टरमध्ये आकडे लिहायचे आणि मधेच लिहायचं विसरायचे.

अडीच महिने लागले. एकोणीस गाणी पूर्ण सापडली. उरलेल्या सातांपैकी चार चाचांच्या फोनमध्ये होती. त्यातला आवाज दाबलेला, पण गाणं शाबूत. तीन मात्र कुठंच नव्हती. त्यातलंच एक 'रावे रावे पोरी'.

तेव्हा मी ठरवलं, की आता मावशीला सांगायचं. फोनवर नाही. एका शनिवारी लातूरहून निघाले. अहमदपूरला बस बराच वेळ थांबली, तेवढ्यात मी मनात वाक्यं जुळवली. नांदेडला बस बदलली, पुन्हा जुळवली. बिलोलीला पोचले तेव्हा मावशी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला बघून तिनं सूप बाजूला सारलं. मी पायरीवर बसले आणि जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. जे झालं ते तसंच सांगून टाकलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग त्या फाटक्या आवाजात विचारलं, "कधी झालं हे?"

"पाच महिने झाले."

"पाच महिने? आन् मला फोनवर सांगून राहिलीस, पेटी बाकी हाय म्हून?"

मी सुपातल्या शेंगा चिवडत राहिले.

"आमच्याकडं इंजेक्शनाची चूक झाली तर नोंद करायची असती, तिथल्या तिथं. लपवलं की पेशंट मरतंय. तू तर लॅबमधी काम करती. तुला हे कुनी शिकवलं न्हाई?"

"चुकलं, मावशी."

"गाणी गेली त्याचं न्हाई मला. मशीन हाय, बिघडतंय. तू एकटीच रडत बसलीस पाच महिने, त्याचा राग येऊन राहिला." तिनं सूप परत मांडीवर घेतलं, दोन-चार शेंगा फोडल्या. "कोणती तीन गेली?"

मी सांगितली.

"सामान आणलंस?"

"लहान रेकॉर्डर आहे पिशवीत. पण मावशी, तू बोलून सांग, मी पाठ करते. मी गाते."

"तू कामून? मला मेली समजून राहिलीस का? मीच म्हनते. जशी हाय तशी."

त्या दिवशी तिला सूर सापडेना. नांदेडला बस बदलताना मी चाचांकडून एक लहान पेटी उसनी आणली होती. मी काळी चार दाबली, तिची नेहमीची पट्टी. ती तिथं पोचायचीच नाही, आवाज फाटायचा. तिनं मान हलवली. "उतरव." काळी तीन. "आनखी." काळी दोन. "आनखी उतरव, लाजू नको." शेवटी पांढरी एकवर ती उभी राहिली. एखादा पुरुष गावा तसा जाडा सूर, पण थरथरत का होईना, टिकला. गरम पाणी पीत, दोन ओळी म्हणत, थांबत, आम्ही तीन दिवस बसलो. मी लॅबला फोन करून रजा वाढवली. 'रावे रावे'ची शेवटची ओळ वर जाते. तिथं तिनं सूर सोडून दिला आणि ती ओळ नुसती बोलली, नवरीला खरंच दारातून हाक मारावी तशी. मी तिच्याकडं बघितलं. "असंच ठेव," ती म्हणाली.

प्रत्येक गाणं झालं की मी जागेवरून उठायच्या आधी रेकॉर्डरच्या कार्डावरची फाईल सोबत आणलेल्या नवऱ्याच्या लॅपटॉपवर आणि छोट्या डिस्कवर घ्यायचे, दोन्हीकडं उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकायचे, आणि मगच पुढचं. मावशी हे बघत बसायची. दुसऱ्या दिवसापासून तीच विचारायला लागली, "दोन्हीकडं वाजलं का? मंग चाल पुढं."

परत येताना मी ती गाणी घेऊन नांदेडला चाचांकडं उतरले. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांची सून ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं केंद्र चालवते. दिवसभर माणसं कागद घेऊन बसलेली असतात. मी तिला सांगितलं, की एक डिस्क तुमच्याकडं ठेवायची आहे आणि तुमच्या मशीनवर उघडून बघायची आहे. तिनं डिस्क लावली, गाण्याच्या फाईलवर दाबलं. काहीच उघडलं नाही.

"ताई, हे उघडायला तुमचंच सॉफ्टवेअर लागतं ना?"

"हो, ते तर लागतंच."

"मग उद्या तुम्ही ते सॉफ्टवेअर बदललं, नाहीतर ते बंदच पडलं, तर? माझ्याकडं लोक जुन्या सीडी घेऊन येतात, आत सगळं असतं आणि उघडत काहीच नाही. मी काय करू त्यांचं?"

मी डिस्क परत पिशवीत टाकली. पण या वेळी काही गेलं नव्हतं, फक्त कळलं होतं. घरी येऊन मी प्रत्येक गाण्यातली प्रत्येक पट्टी वेगळी काढली. मावशीचा आवाज वेगळा, पेटी वेगळी, टाळ्या वेगळ्या. सगळ्या पट्ट्या एकाच ठिकाणापासून, अगदी शून्यापासून सुरू होतील अशा, साध्या आवाजाच्या फाइली करून. म्हणजे कुठल्याही मशीनवर, कुठल्याही सॉफ्टवेअरात एकाखाली एक ठेवल्या की गाणं जुळलंच पाहिजे. फाईलच्या नावात गाणं, पट्टी, प्रयत्न आणि तारीख. मधली बोलणी या वेळी कापली नाहीत. प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये एक कागद टाइप करून घातला: शब्द, तेलुगू शब्दांचे अर्थ, सूर, कुठल्या गावात कुणाकडून शिकली. ते सगळं मावशीनं फोनवर सांगितलं, आणि चुकलं तिथं मला दुरुस्त केलं.

मग तीन डिस्क भरल्या. एक लातूरला माझ्याकडं. एक नांदेडला चाचांकडं, पेटीच्या सुरांच्या पितळी पत्त्या ठेवतात त्या पेटाऱ्यात. एक बिलोलीला, मावशीच्या कपाटात, तिच्या नोकरीच्या सेवापुस्तकाशेजारी. शिवाय सगळं इंटरनेटवर चढवलं. आमच्या घरच्या नेटवर त्याला नऊ दिवस लागले, पण एकट्या नेटवर मी विसंबत नाही. दर तीन महिन्यांनी कुठलीतरी एक डिस्क मागवायची, कुठलंतरी एक गाणं परक्या मशीनवर उघडायचं आणि पूर्ण ऐकायचं आणि रजिस्टरमध्ये सहीनिशी लिहायचं, असं ठरवलंय.

पहिली तपासणी परवा नांदेडला केली. चाचांच्या सुनेनं गर्दी ओसरल्यावर मशीन मोकळं करून दिलं. मी मुद्दाम माझं सॉफ्टवेअर घातलं नाही, तिच्याकडं कुठलंतरी फुकटचं होतं तेच उघडलं. तीन फाइली एकाखाली एक ठेवल्या. मावशी, पेटी, टाळ्या. वाजवलं. तिन्ही एकदम निघाल्या, कुठं पुढं नाही, मागं नाही. दोन बायका आधार कार्डाच्या कामासाठी थांबल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, "ही आमच्याकडली हळद हाय," आणि दुसरीला शब्द सांगत बसली.

चाचा आतून आले. उभ्यानंच ऐकलं त्यांनी, आणि दुसऱ्या कडव्याशी त्यांचा चेहरा पडला.

"बेटा, इथं मी चुकलोय. कोमल सूर लावायला पाहिजे होता. हे काढून टाक."

"काढणार नाही, चाचा."

"अरे, लोग क्या कहेंगे? तीन पिढ्या पेटीचं काम!"

"हे जसं झालं तसंच राहील. तुम्हाला पुन्हा वाजवायचं असलं तर वाजवा, मी वेगळ्या नावानं ठेवते. नवी तारीख घालून."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग सुनेला म्हणाले, "वो खुर्ची इधर ला." मी पिशवीतून माईक काढला. त्यांनी पेटी पुढं ओढली, भाता उघडला आणि बाहेर बसलेल्या बायकांना हातानं खूण केली, की जरा गप्प बसा.